काकीची माटोळी आणि पंचाचा फोन

पत्र

मावशी,

मी 24 वर्षांची. गाव डिचोली तालुक्यातलं, नोकरी पणजीत, रोज कदंबच्या बसने ये-जा. बसमध्ये बसल्या बसल्या मोबाईलवर काहीबाही गमतीचं लिहायची सवय लागली. न उघडणारी खिडकी, कंडक्टरचे सुट्टे, ऑफिसातला पाणचट चहा, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) पाचव्या दिवशी न मिटणारं जीन्सचं बटण. हळूहळू लोक वाचायला लागले.

श्रावण लागला तसा मी आमच्या व्हडल्या (वडिलोपार्जित) घरातल्या गेल्या चवथीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचा, फोटो टाकला आणि वर लिहिलं, ‘आमच्या काकीची माटोळी म्हणजे आमची ग्रामसभा. वर चढलेले सगळे सुकलेत, पण खाली उतरायला एकही तयार नाही.’ वाटलं, पन्नासेक जण हसतील. दोन दिवसांत तो फोटो कुठच्या कुठे पोचला. माटोळीच्या वर, छपराच्या नळ्यांखाली (कौलांखाली) लावलेली निळी ताडपत्रीही त्यात दिसत होती. मग लोक तिच्यावर सुटले. ‘देवाला रेनकोट’ काय, ‘बाप्पा यंदा पोहायला आले’ काय. चुलतभावाने ते सगळं काकीला वाचून दाखवलं. तेव्हापासून काकी माझ्याशी बोलत नाही. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठे काका रोज पहाटे ‘सुप्रभात’ टाकायचे, तेही बंद पडलंय. बाबा म्हणतात, माफी माग. आई म्हणते, लोक काय म्हणतील, तो मोबाईलच बंद कर. वर आमच्या पंचायतीतल्या एका पंचाने बाबांना फोन केला, ‘चलयेक सांभाळ’, मुलीला आवर, म्हणून.

पोस्ट मी काढून टाकली. पण मी असं काय वाईट केलं? माटोळी सुनी होती हे खरंच आहे. गेल्या वर्षी काकांचं ऑपरेशन झालेलं, काकीने एकटीने बांधली होती. विनोदच केला ना मी?

दुसरं. आमच्या गावात डोंगर कापतायत, त्यावर मी दोन रात्री जागून मोठी पोस्ट लिहिली. तिला अकरा लाईक, त्यातला एक आईचा. विनोदाला हजारो. मी नुसती विदूषक झालेय का?

आणि तिसरं. कोणी विचारतं, ‘कोंकणींत कित्याक बरयना?’ (कोंकणीत का लिहीत नाहीस?) पुण्याकडचा कोणी लिहितो, ‘हे कसलं मराठी?’ मी हसायचं तरी कुठल्या भाषेत?

चवथ तीन आठवड्यांवर आली. त्या घरात पाय कसा ठेवू?

– डिचोलीची एक

उत्तर

बाय,

आधी कबुली. तुझं ते माटोळीचं वाक्य वाचून मी मोठ्याने हसले. शेजारी माझी जाऊ आदोळीवर (विळीवर) भेंडे चिरत बसली होती, तिला वाचून दाखवलं. तीही हसली. मग म्हणाली, ‘आनी ती काकी?’ आणि परत मान खाली घालून चिरायला लागली. सदर माझं, पण या खेपेचं अर्धं उत्तर तिथेच, आदोळीवर झालं.

उरलेलं अर्धं मी लिहिते.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू एका ओळीत उरकली आहेस. ‘काकीने एकटीने बांधली होती.’ तू कधी माटोळी बांधली आहेस का गं? बांधली नसशील, कारण बांधलेल्या माणसाच्या हातून हे वाक्य असं सहज निसटत नाही. माटोळी हे दोन माणसांचं काम. एक शिडीवर, एक खाली, हातात एकेक वस्तू देणारं. नारळाची अख्खी पेंड, सुपारीचं शिपटं, तोरिंग, चिबूड, आंबाडे, कांगलां, कवंडळं. चिबूड बाजारात मिळतो, पैसे टाकले की झालं. कवंडळांना डोंगर चढावा लागतो, तोही पावसात, जळवा झटकत. तुमच्याकडे हे काम काका करत असणार. गेल्या वर्षी तो खाटेवर.

म्हणजे काय झालं असेल, बघ. काकी स्टुलावर चढली. एक वस्तू बांधली. खाली उतरली, दुसरी उचलली, परत चढली. नारळाची पेंड एका हाताने वर धरून दुसऱ्या हाताने गाठ मारायची म्हणजे काय ते एकदा करून बघ. मध्येच काकांना औषध द्यायला आत गेली असेल, चुलीवर काही असेल. तू लिहिलंस, खाली उतरायला एकही तयार नाही. त्या दिवशी त्या घरात दिवसभर वर-खाली करणारी एकच बाई होती आणि नेमकं तिचंच नाव तू त्या वाक्यात घातलंस.

तुला हे ठाऊक होतं, म्हणूनच तर तू मला लिहिलंस. फक्त लिहिताना ते आठवलं नाही. वाक्य चांगलं सुचलं की माणसाचं असंच होतं. मी बावीस वर्षं हे सदर लिहिते आहे. एका चांगल्या वाक्यापायी मी एकदा माझ्या सख्ख्या आत्येला पेपरात आणलं होतं. आत्या वारली. तो कात्रणाचा तुकडा तिने जपून ठेवला होता, हे तिच्या ट्रंकेत सापडलं तेव्हा कळलं. रागाने ठेवला होता की कौतुकाने, हे विचारायला आता कोणी नाही.

आता ताडपत्री. माझ्या मते काकीला माटोळीचं तेवढं लागलेलं नाही. माटोळी सुनी होती हे तिला तुझ्याआधी माहीत होतं. तिला लागलं असेल ते छप्पर. गळकं छप्पर ही घरातली गोष्ट, पाहुणे आले की आपण त्यांना दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसवतो. तू तेच नेमकं गावाबाहेरच्या हजार माणसांना उघडून दाखवलंस. मुद्दाम नाही, मला कळतं. तुझं लक्ष माटोळीकडे होतं, फोटोचं लक्ष सगळीकडे असतं.

पण ते छप्पर कोणाचं? तू ‘काकीचं घर’ असं लिहिलेलं नाहीस, ‘आमचं व्हडलें घर’ लिहिलंस, आणि तेच बरोबर आहे. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून वारशाची रीत ठरलेली आहे, आता ती गोव्याच्या 2012 च्या कायद्यात आली आहे: मुलगा असो की मुलगी, वाटा सारखा, आणि वारशाच्या मालमत्तेची यादी, म्हणजे इन्व्हेंटरी, होऊन वाटण्या होईपर्यंत सगळे मिळून मालक. ऐकायला किती चांगलं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते डिचोलीपासून काणकोणपर्यंत कुठल्याही गावात फिरून बघ. घराला मालक नऊ, त्यातले दोन मुंबईत, एक आखातात, एक कोणाशीच बोलत नाही, आणि नळे परतायला पैसे काढायची वेळ आली की सगळे म्हणतात, आधी वाटणी होऊंदे. घरात राहतो तो एकटा पावसाआधी बाजारात जातो आणि निळी ताडपत्री घेऊन येतो.

तुझ्या बाबांचाही त्या छपरात वाटा असणार. लोकांनी ज्या छपराची टर उडवली, त्याचा एक तुकडा तुमच्याच नावावर आहे. बाबांना विचार, या नळ्यांसाठी आपण गेल्या दहा वर्षांत किती दिले. जेवताना विचारू नकोस, जेवण झाल्यावर विचार.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते: ‘विनोदच केला ना मी?’ केलास, आणि चांगला केलास. त्यावर माझा एक जुना उपाय आहे, तो करून बघ. वाक्य उलटं कर. ‘आमची ग्रामसभा म्हणजे माटोळी. वर चढलेले सगळे सुकलेत, पण खाली उतरायला एकही तयार नाही.’ हसू येतं? मला तर जास्त आलं. फोटो काढून टाकला तरी येतं. काकीचं नाव नाही, ताडपत्री नाही, आणि जो चिमटा ज्याला बसायचा त्याला बसतो. मग काकीला त्यात कशाला आणलं होतंस? ती तिथे होती, हाताशी होती, आणि उलटून काही लिहिणार नव्हती म्हणून.

थट्टेचं आपल्याकडे वावडं नाही, बाय. मी लग्न होऊन पेडण्यात आले तेव्हा पहिल्याच वर्षी देवळात दशावतारी काला झाला. संकासूर आला, काळा झगा, तोंडात मालवणी. आमचे सासरे आंब्यांच्या बाबतीत फार जपून. मानकुरादच्या झाडाखाली रोज संध्याकाळी उभे राहून वर मान करून मोजायचे, किती राहिले. हे त्या संकासुराला कोणी सांगितलं देव जाणे. ब्रह्मदेवाचे वेद चोरायला आलेला संकासूर ते मोजायलाच बसला, ‘एक मानकुराद, दोन मानकुराद, तिसरो खंय गेलो रे?’ अख्खं देऊळ मागे वळून आमच्या सासऱ्यांकडे बघायला लागलं. सासरे पंचा तोंडावर धरून बसलेले. मला वाटलं, आता घरी गेल्यावर काही खरं नाही. पंचा खाली आला तेव्हा ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मे महिन्यात त्यांनी त्या नटाच्या घरी आंबे पाठवले. अकरा. बारावा त्याने स्वतः येऊन न्यावा म्हणून.

त्या थट्टेत आणि तुझ्या थट्टेत फरक कुठे आहे? संकासूर समोर उभा होता. सासरे समोर बसले होते. त्यांना उठून उत्तर देता आलं असतं, निघून जाता आलं असतं, आणि बारावा आंबा मागे ठेवता आला. आणि बघणारे सगळे त्यांना ओळखत होते. आंबे मोजणारा हाच म्हातारा अडल्यानडल्याला न मोजता पैसे देतो हेही त्यांना माहीत होतं. गावडा समाजाच्या जागर नावाच्या लोकनाट्यातही सोंगं घेऊन गावातल्या माणसांना टोमणे मारतात, पण टोमणा बसलेला माणूस तिथेच, पेट्रोमॅक्सच्या उजेडात बसलेला असतो. काकी कुठे होती? तिच्यावर हसणाऱ्या हजारांत तिला एकदा तरी भेटलेले किती? तिच्या हातचं खतखतें, ती मिश्र भाजी, चाखलेला एक तरी?

काकीला वगळून तुझा विनोद उभा राहतो हे आता तुला दिसलं. आता पंच.

पंचाची माफी मागायची नाही. ही गोष्ट मी स्वतंत्र ओळीत लिहिते, कारण बाबा ‘माफी माग’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काकी आणि पंच एकाच पिशवीत पडले असणार. काकीला तू दुखवलंस. पंचाला तू चिमटा काढलास, आणि चिमटा काढून घेणं हा त्या खुर्चीच्या कामाचा भाग आहे. आपल्याकडे 1892 पासून तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, चालू आहे आणि तेवढ्याच हट्टाने त्यातली कांतारांही, म्हणजे गाणी. राज्य करणाऱ्याला गाण्यातून चिमटा काढणं गोव्याला नवं नाही. पंचाचा फोन परत आला तर बाबांनी नम्रपणे एवढंच सांगावं, ‘पुढच्या ग्रामसभेला येते ती, तिलाच सांगा.’ ते वाक्य बाबांच्या तोंडी कठीण जाईल, मला कल्पना आहे. पंचाकडे कधी कुठल्या दाखल्याची सही लागेल सांगता येत नाही. तरी सांगावं.

आणि तूही खरंच जा. ग्रामसभा रविवारी भरते, तुझं ऑफिस आड येत नाही. वर चढलेले उतरत नाहीत असं तू लिहिलंस. खाली बसलेले किती होते, मोजलेस? तू होतीस?

आता काकीकडे कसं जायचं. चवथीच्या दिवशी जाऊ नकोस. त्या दिवशी घर भरलेलं असतं. सगळ्यांसमोर वाकून पाया पडलीस की तिला तोंडदेखलं ‘बरें बरें’ म्हणावंच लागेल, आणि राग पोटात राहील. आदल्या आठवड्यात, दुपारची जेवणं आटपल्यावर जा. मागल्या दाराने. मेसेज पाठवू नकोस, स्टेटस ठेवू नकोस, आणि ‘माझ्या काकीची जाहीर माफी’ असली पोस्ट तर मुळीच नको. जाहीर माफीत परत काकीच जाहीर होते. ज्यांनी पहिला फोटो बघितला नव्हता त्यांनाही कळेल की काहीतरी होतं.

बोलायचं किती? दोन वाक्यं. ‘काकी, म्हजें चुकलें. तुका विचारिनासतना फोटो घालो.’ संपलं. ‘मी फक्त विनोद केला’ नको. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे तर अजिबात नको. त्यातल्या ‘तर’ने सगळी माफी परत खिशात जाते. लोकांनी काय लिहिलं त्याबद्दल खुलासे नकोत. दोन वाक्यं झाली की गप्प बस. गप्प बसणं तुला जड जाईल, तुझ्या हातात तेव्हा मोबाईल असेल तर आणखीच. तो पिशवीत ठेव.

काकी बोलेल. कदाचित एक बोचरं वाक्य येईल, महिनाभर घासून ठेवलेलं. येऊंदे. तिचाही विनोद ऐकून घे. कदाचित काहीच बोलणार नाही, नारळ खवत राहील. तरी उठू नकोस. थोड्या वेळाने विचार, यंदा माटोळीचं सामान आणायला माझ्याबरोबर येशील का, शिडी मी धरते. माटोळीचा बाजार भरला की डिचोलीला दोघी जा, पिशवी तू उचल, भाव तिला करूंदे. भाव करण्यात मध्ये पडलीस तर परत पहिल्यापासून सुरुवात.

फोटोचं आणखी एक काम राहिलं. तू पोस्ट काढलीस, पण ज्यांनी तो फोटो उचलून आपापल्या पानावर लावलाय त्यांच्याकडे तो आहेच. एकेकाला नीट लिही: हा माझ्या घरातला फोटो आहे, घरच्यांना त्रास होतोय, काढा. बरेचसे काढतात. नाही काढला तर त्या त्या ठिकाणी तक्रारीची सोय असते, ती वापर. पुढे गेलेलं सगळं परत येणार नाही, तेवढं मनाला सांगून ठेव. आणि वाचून दाखवणाऱ्या त्या चुलतभावालाही एकदा विचार, सगळं वाचून दाखवायची एवढी घाई काय होती. त्याच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण मी त्याला ओळखत नाही, तेव्हा राहूंदे.

आता डोंगर. तुझी ती पोस्ट तू पत्राबरोबर पाठवलीस म्हणून मी वाचली. सुरुवात अशी: ‘आजच्या तरुणाईने अंतर्मुख होऊन विचार करण्याची वेळ आली आहे.’ बाय, अकरा लोक इथून पुढे गेले हेच खूप झालं. काकीच्या माटोळीवर तू जशी लिहितेस तशी डोंगरावर का लिहीत नाहीस? तिथे तुझा आवाज एकदम पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखा होतो. सहाव्या परिच्छेदात, पार शेवटी, एक ओळ आहे: ‘जेसीबीवाला आमच्याकडे पाणी मागायला येतो आणि आई त्याला पाणी देते.’ ती ओळ पहिली हवी होती. डोंगर कापणाऱ्याला आई पाणी देते, आणि द्यायलाच पाहिजे कारण तो पोटासाठी आलाय, कुठून तरी लांबून. ही गोष्ट मी शेवटपर्यंत वाचली असती. त्या माणसावर मात्र विनोद करू नकोस. ‘घांटी’, म्हणजे घाटापलीकडचा परका, म्हणून हसवणं सोपं आहे, लाईकही पुष्कळ पडतात. मी बांद्याहून आले, म्हणजे पेडण्यापासून हाकेच्या अंतरावरून, तरी म्हापशाच्या बाजारात पहिल्या वर्षी मला हा शब्द दोनदा ऐकावा लागला. मासे घेताना. दोन्ही वेळा बांगडे जरा शिळेच मिळाले.

हसण्यापलीकडे काही करायचं असेल तर हे कर. नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात कलम 17अ आहे: डोंगराळ जमीन कापायची किंवा सखल जागा भरायची तर आधी लेखी परवानगी लागते. ती परवानगी आहे की नाही, एवढाच एक प्रश्न घे. तो कागदावर लिहून पंचायतीत दे आणि तुझ्या प्रतीवर शिक्का मारून घे. ग्रामसभेत उभी राहून तोच विचार. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज. फी दहा रुपये, मुदत 30 दिवस. मग या सगळ्याबद्दल लिही. शिक्का शोधायला किती वेळ लागला, कोणी जांभई दिली, कोण ‘बाबांक विचारून आयलां मगो?’ म्हणाला. नावं न घेता. ते लोक वाचतील, आणि हसतीलही. विदूषक झालीस का म्हणून विचारतेस. संकासूर हा दशावतारातला विदूषकच, पण त्याने चोरले ते वेद. भेंडे नाहीत.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? कवंडळं, कांगलां, रानातलं ते सगळं डोंगरावरून येतं. काका दर वर्षी कुठल्या डोंगरावर जायचा, काकीला विचार. मला दाट शंका आहे की जेसीबी लागलाय तो तोच, किंवा त्याच्या पलीकडचा. तसं असेल तर तुझी माटोळी सुनी पडायला नुसतं ऑपरेशन कारण नव्हतं, आणि तुझ्या दोन्ही पोस्टी एकाच जागेबद्दल होत्या. आमच्याकडे मोपाच्या पठारावरून बायका असलं काय काय आणायच्या. 2022 च्या डिसेंबरात तिथे विमानतळाचं उद्घाटन झालं. मी कुरकुरत नाही, माझा भाचा तिथेच नोकरीला आहे.

भाषेचं थोडक्यात. घरात कोंकणी, शाळेत मराठी, बसमध्ये दोन्ही, ऑफिसात आणखी दोन, हे आपलं रोजचंच. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीची सोयही राहिली, त्यावरून आमच्या पिढीने एकमेकांची डोकी फोडली. तुम्ही तरी त्यावरून कमेंटी फोडत बसू नका. मांजराने दूध सांडलं की तुझ्या तोंडून ज्या भाषेत येतं त्या भाषेत लिही. पुण्याच्या त्या माणसाला सांग, असलंच मराठी असतं आमच्याकडे, पाव-भाजीबरोबर घे. आणि कोंकणीत विचारणाऱ्याला कोंकणीत उत्तर दे, त्याने प्रेमाने विचारलं असण्याची शक्यता आहे.

आईला सांग, मोबाईल बंद करून काही होत नाही. तिच्या लाईकमुळेच दहाचे अकरा झाले होते.

मोठ्या काकांचं ‘सुप्रभात’ आपोआप परत येईल. काकी बोलायला लागली की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला येईल, गुलाबाच्या फुलासकट, आणि तुला परत त्यावर विनोद सुचेल.

यंदा कवंडळं कुठून आणलीत ते मला नक्की कळव. आमच्याकडे पेडण्यात गेल्या वर्षी मिळाली नाहीत.

– मावशी